निरंक

रावपुऱ्यात, कधीच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानाच्या
ओट्यापाशी माझी खुर्ची. खुर्ची म्हणजे
केबलचं रिकामं रीळ, वर दुमडलेलं पोतं.
काम एवढंच : जेसीबी खणेल तिथे बघायचं.
खात्याच्या फॉर्मवर सात रकाने आहेत.
सातवा, आढळलेल्या वस्तू.
अकरा दिवस मी त्यात लिहिते आहे
निरंक.

याकूबभाई डांबराला दात लावतो हलकेच,
दाढ ठोकून बघणाऱ्या डॉक्टरासारखा.
डांबर, खडी, पुन्हा डांबर,
गॅसवाल्यांची पिवळी पट्टी,
टेलिफोनची शिशात गुंडाळलेली मेलेली तार,
मुरूम, आणि मग एक माती
जिचा रंग तक्त्यात सापडत नाही.
मी लिहिते, करडी-तपकिरी.
असते ती गार चहावरच्या सायीसारखी.

स्कूटरवाले थांबतात, एक पाय टेकून.
सोनं निघालं का?
भुयार लागलं का राजवाड्याचं?
मेडिकलमधले भागवत शपथेवर सांगतात,
त्यांच्या वडिलांनी इथे घोड्यांचा हौद पाहिलाय.
इथे म्हणजे नक्की कुठे, विचारलं
की हात करतात सगळ्याच रस्त्याकडे.
तो हौदही मी टिपून ठेवते,
समासात, पेन्सिलीनं.

झीतरी दाहोदकडची. घमेलं रिकामं करून येते,
काठावर उकिडवी बसते,
मी जिथे बघते तिथे बघते.
चौथ्या दिवशी विचारलंच तिनं,
"बेन, तमारुं शुं खोवायुं छे?"
माझं काही नाही हरवलं, म्हटलं.
मग कोनुं?
मग कुणाचं, हे मला
विद्यापीठात कुणी विचारलं नव्हतं.
दोन वर्षं, आणि एक अख्खा उन्हाळा खापरं धुण्यात.
ठाऊक नाही, म्हटलं. बघू.
तेव्हापासून तीही बघते,
आणि तिची नजर माझ्याहून पक्की :
कौल कुठलं, वीट कुठली,
कुठलं हाड बकऱ्याचं, तेही गेल्या ईदचं.

बाराव्या दिवशी, एक मीटर दहावर, राखेची रेघ.
बोटभर जाड, हातभर लांब.
मी हात वर केला. इंजिन बंद झालं
आणि सगळा रावपुरा एकदम ऐकू आला,
कुणाच्या तरी कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा.
ब्रश. पट्टी. उत्तरेचा बाण.
ठेकेदाराचा माणूस मनगट वर करून दाखवत राहिला.
चूल होती, उकिरडा होता,
की थंडीत कुणी दोन काटक्या पेटवल्या
आणि शेकून निघून गेला,
राख सांगेना. तिच्यात
ना मडकं, ना नाणं, ना कोळशाचा धड तुकडा.
झीतरी वाकली. चिमूटभर नाकाशी नेली.
बाभूळ, म्हणाली, आणि हसली.
थट्टा होती की नव्हती, मला कळलं नाही.
वास, असा रकाना नसतो.
साहेब फोनवर म्हणाले, फोटो काढा, काम अडवू नका.
मी निरंक लिहिलं.
अक्षर जरा हललं.

संध्याकाळी केबल उतरली, काळी, मनगटाएवढी.
वर वाळू, वर विटा, वर धोक्याची लाल पट्टी.
माती लोटायला सुरुवात झाली तेव्हा
झीतरीचा पोरगा काठाकाठानं पळत होता
आणि त्याची एक चप्पल आत गेली.
निळी. डावी.
थांबा, म्हणेपर्यंत याकूबभाईचं खोरं रिकामं झालं होतं.
पोरगा रडला नाही,
उरलेली चप्पल हातात घेऊन उभा राहिला,
जणू तीच कुणाची तरी परत द्यायची होती.
झीतरीनं माझ्याकडे पाहिलं.
"ल्यो बेन, हवे शोधो."

फॉर्मवर सही होऊन गेली होती.
खड्डा बुजवताना हरवलेल्याला
त्यात जागा नसते.
पान उलटलं, कोऱ्या बाजूला लिहिलं,
चप्पल एक, लहान मुलाची, निळी.
खोली साठ सेंटिमीटर.
ओट्याच्या कोपऱ्यापासून दोन मीटर चाळीस, पश्चिमेला.
मग उत्तरेचा बाण काढला.